परदेशस्थ आप्तांची दंततपासणी

(नांदगाव येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका दंतवैद्य सभासदाने दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा 'परदेशस्थ आप्तांचे दात' असे मी सांगितले. त्यांना प्रथम ती थट्टाच वाटली. संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव व्हावा, वधूवरांची माहिती मिळावी, शिक्षणनिधीचा हिशेब वाचला जावा, हे योग्यच आहे. त्यात दाढांचे काय काम, असा त्यांचा एकंदर भाव होता. तेव्हा मी त्यांच्यापुढे सभासदांच्या पत्त्यांची यादी ठेवली. नांदगाव, मनमाड, येवला, चाळीसगाव या नावांच्या शेजारीच आता दुबई, फ्रँकफुर्ट, टोकियो, न्यू जर्सी अशी नावे दिसू लागली आहेत. ज्या घरातील कोणी परदेशी नाही, त्या घरातील कोणीतरी जावयाच्या तयारीत आहे. चिटणीसांनी मान हलविली आणि मला अर्ध्या तासाची अनुमती मिळाली.

तसे पाहिले तर नांदगावास परदेशी मनुष्य नवा नाही. १९०० च्या सुमारास मनमाड–औरंगाबाद लोहमार्ग सुरू होण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहावयास निघालेले युरोपीय प्रवासी जी. आय. पी. रेल्वेच्या आपल्या या नांदगाव स्थानकावरच उतरत आणि येथून टांग्याने पुढचा रस्ता धरीत. त्या साहेबांपैकी एखाद्याची दाढ वाटेत ठणकू लागली असेल, तर त्याने काय केले असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. भाषा परकी, वैद्य अनोळखी, औषध कोणते ते ठाऊक नाही. आज तीच अवस्था आपल्या मुलाबाळांची आहे. फरक इतकाच की गाव त्यांचे परके आणि दाढ आपली.

आपण दूरध्वनीवर मुलांची चौकशी करतो ती अगदी बारकाईने करतो. जेवलास का, थंडी किती आहे, पोळ्या कोण लाटते, सगळे विचारतो. 'दात दाखवून आलास का?' असे विचारणारी आई मला अद्याप भेटावयाची आहे. आणि मुलगा स्वतः होऊन सांगत नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते : "नांदगावला आलो की दाखवीन." या एका वाक्यासंबंधी मला आज बोलावयाचे आहे. ते वाक्य प्रेमाचे आहे, काटकसरीचे आहे. परंतु निम्मे चुकीचे आहे. कोणते निम्मे, ते क्रमाने सांगतो.

दातांविषयी आपली सर्वांची एक समजूत असते की, जे दुखत नाही ते चांगले आहे. शरीराच्या इतर काही भागांना ही समजूत थोडीफार लागू पडत असेलही. दाताला मात्र मुळीच पडत नाही. दाताचे वरचे पांढरे, चकचकीत कवच हा आपल्या देहातील सर्वांत कठीण पदार्थ होय आणि त्यात मज्जातंतू नसतात. सबब, कीड या कवचात असते तोवर मनुष्यास काहीही कळत नाही. ती आतल्या पिवळसर थरापर्यंत गेली की थंड पाणी लागते, गोड लागते, दात शिवशिवतात. त्याही आतल्या मऊ भागात, जेथे रक्तवाहिन्या आणि मज्जा असते, तेथे ती पोचली म्हणजे मग रात्री दोन वाजता ठणका लागतो आणि घरातील सर्व माणसे जागी होतात. पहिल्या टप्प्यावर काम थोडक्यात भागते, दुसऱ्या टप्प्यावर दात भरून भागते, तिसऱ्या टप्प्यावर रूट कॅनाल करून वर टोपी बसवावी लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. दुखणे हे पहिले लक्षण नसून बहुधा शेवटचे असते, एवढे ध्यानात आले म्हणजे तपासणी कशासाठी करावयाची हे निराळे सांगावे लागत नाही. दोन दाढांच्या मधल्या फटीतील कीड तर आरशात पाहून दंतवैद्यासही सहज दिसत नाही; तिच्यासाठी क्ष-किरण चित्रच काढावे लागते.

(जाता जाता एक गोष्ट. आपण 'कीड' म्हणतो म्हणून दाढेत अळी असते असे नव्हे. जत्रेत दाढेतून अळ्या काढून दाखविणारे वैदू पूर्वी पुष्कळ असत. ती हातचलाखी होती. दात पोखरतो तो साखरेवर वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंनी तयार केलेल्या आम्लामुळे.)

हिरड्यांचे दुखणे तर याहूनही मुके. दातावर कीटण साचते, हिरडीतून रक्त येते, हिरडी खाली सरकते, आतले हाड झिजते आणि एके दिवशी चांगला निरोगी दिसणारा दात हलू लागतो. एवढ्या सगळ्या वर्षांत वेदना म्हणून नसते. मधुमेह असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या तर साखर ताब्यात ठेवणे कठीण जाते. आपल्या किती घरांत मधुमेह आहे, हे आपण मजपेक्षा चांगले जाणता.

आता तपासणी किती दिवसांनी करावी? 'दर सहा महिन्यांनी' हे उत्तर सर्वांच्या तोंडी आहे. परंतु ते काही वेदवाक्य नव्हे. ऑब्रे शेइहॅम या दंतवैद्यकाच्या अभ्यासकाने १९७७ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात, सहा महिन्यांच्या या नियमाला शास्त्रीय आधार आहे काय, असा सरळ प्रश्न विचारला होता. पुढे २००४ साली इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेने असे मार्गदर्शन केले की, ज्याची त्याची प्रकृती पाहून दंतवैद्याने अंतर ठरवावे; प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून चोवीस महिन्यांपर्यंत आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी तीन महिन्यांपासून बारा महिन्यांपर्यंत. २०२० साली ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार वर्षे लक्ष ठेवून असे आढळले की, ज्यांना धोका कमी आहे अशा प्रौढांत सहा महिन्यांनी येणारे आणि दोन वर्षांनी येणारे यांच्या हिरड्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा ज्याचे दात निरोगी आहेत, साखर नाही, तंबाखू-सुपारी नाही, त्याने वर्षातून एकदा, प्रसंगी त्याहूनही उशिरा गेले तरी चालेल. मात्र 'मला धोका कमी आहे' हा निर्णय आपण आरशापुढे उभे राहून घ्यावयाचा नाही. तो एकदा तपासून घेतल्यावर दंतवैद्याने द्यावयाचा आहे.

हे झाले शास्त्र. आता व्यवहार. प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे आणि आपली मुले ज्या चुका करतात त्या बहुतेक ही रीत ठाऊक नसल्याने करतात.

जर्मनीपासून आरंभ करतो, कारण तेथील पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. शिक्षणासाठी तेथे जाणारा तीस वर्षांखालील विद्यार्थी सामान्यतः सरकारी पद्धतीच्या आरोग्यविम्यात येतो आणि त्या विम्यात दातांची तपासणी समाविष्ट असते; वर्षातून एकदा कीटण काढणेही असते. शिवाय तेथे एक 'बोनस-वही' असते. प्रौढाने वर्षातून एकदा तपासणी केली की तिच्यात नोंद होते. पुढे कधी टोपी, ब्रिज वा कवळी बसविण्याची वेळ आली, तर नेहमीच्या पद्धतीच्या उपचाराचा जो ठरावीक खर्च धरलेला असतो त्याच्या ६० टक्के रक्कम विमा देतो. सलग पाच वर्षांच्या नोंदी असतील तर ७० टक्के, दहा वर्षांच्या असतील तर ७५ टक्के. हे आकडे ऑक्टोबर २०२० पासूनचे आहेत. म्हणजे जो नेमाने तपासणीस जातो त्याला पुढील उपचार स्वस्त, आणि जो 'नांदगावला गेल्यावर पाहू' म्हणतो त्याची वही कोरी. नांदगावच्या दवाखान्यातील माझा शिक्का त्या वहीत चालत नाही, हे मी अनेकांना दाताच्या कण्या करून सांगितले आहे.

इंग्लंडची कथा निराळी. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली तेव्हा दातही त्यात विनामूल्य होते. कवळ्यांना आणि उपचारांना इतकी गर्दी झाली की १९५१ साली कवळ्यांवर आणि पुढच्याच वर्षी उपचारांवर शुल्क बसवावे लागले. ते आजतागायत आहे. आपली मुले व्हिसाबरोबर आरोग्य-अधिभार भरतात. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ नोकरदारास वर्षाला १,०३५ पौंड झाला. एवढी रक्कम भरल्यावर दात फुकट पाहिले जातील असा त्यांचा समज होतो, तो खरा नाही. तेथील रहिवाशांप्रमाणेच दंतोपचाराचे शुल्क निराळे द्यावे लागते. गर्भवती स्त्री आणि बाळ एक वर्षाचे होईपर्यंत त्याची आई यांना मात्र ते माफ आहे, हे ज्यांच्या लेकीसुना तिकडे आहेत त्यांनी आजच कळवावे. गर्भारपणी हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे ही सवलत नुसती कागदावरची नव्हे. स्कॉटलंडमध्ये तर तपासणीला सर्वांनाच पैसे पडत नाहीत. खरी अडचण आहे ती दंतवैद्य मिळण्याची. २०२२ साली बी. बी. सी.ने केलेल्या पाहणीत, सरकारी सेवेखालील दर दहा दंत-दवाखान्यांपैकी नऊ दवाखाने नवे प्रौढ रुग्ण घेत नसल्याचे आढळले. त्यामुळे तेथे पोचल्यावर दाढ दुखण्याची वाट न पाहता, घरभाड्याचा करार करावा त्या तत्परतेने दवाखान्यात नाव घालण्याच्या खटपटीला लागावे.

अमेरिकेत शरीराचा विमा वेगळा आणि दातांचा वेगळा. जणू दात हा शरीराचा अवयवच नव्हे! १९६५ साली तेथे वृद्धांसाठी मेडिकेअर योजना झाली, तिच्या कायद्यातही नेहमीचे दंतोपचार वगळलेले आहेत. नोकरदारांच्या दंतविम्यात बहुधा अशी वाटणी असते की तपासणी व स्वच्छता यांचा सगळा खर्च विमा देतो, दात भरण्याचा बराचसा देतो आणि टोपीसारख्या मोठ्या कामाचा निम्मा. आणि वर्षभरात मिळून एका ठरावीक रकमेपलीकडे काहीच देत नाही. आता गंमत पाहा. दोन तपासण्यांचे पैसे हप्त्यातून आधीच कापून गेलेले असतात. न गेल्यास ती सवलत वर्षअखेर बुडते. आणि आपला मुलगा ती बुडू देतो, कारण अमेरिकेत दंतवैद्य फार महाग असे त्याने ऐकलेले असते! महाग आहेत, हे खरे. एका टोपीला हजार-दीड हजार डॉलर सहज लागतात. परंतु महाग आहे ती दुरुस्ती. तपासणी ही तेथे सर्वांत स्वस्त, किंबहुना भरलेल्या पैशातली गोष्ट असते.

जपानमध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी माणसास आरोग्यविमा घ्यावाच लागतो, त्यात दंतोपचार येतात आणि रुग्णाने ३० टक्के द्यावयाचे असतात. ऐंशीव्या वर्षी वीस दात शाबूत असावेत, अशी मोहीम त्या देशाने १९८९ साली सुरू केली. आपल्याकडे ऐंशीव्या वर्षी बोळके तोंड हे वार्धक्याचे भूषण मानतात. कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे प्रौढांचे नेहमीचे दंतोपचार सरकारी सेवेत सामान्यतः आलेले नाहीत. काही घटकांसाठी योजना आहेत, पण तात्पुरत्या व्हिसावरील माणसाने त्या आपल्यासाठी आहेत असे गृहीत धरू नये. आखाताविषयी सरसकट विधान करता येत नाही. कामगारांच्या विम्यात दात असतीलच असे नाही, यास्तव कागद वाचावा. तेथे भारतीय दंतवैद्य पुष्कळ आहेत, आणि हिंदीत बोलता येते ही मोठी सोय आहे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर 'नांदगावला आलो की दाखवीन' या वाक्याकडे परत येतो. मुलगा तीन आठवड्यांसाठी येतो. त्यातील पहिले चार दिवस झोपेचे गणित जमेपर्यंत जातात. मग कुलदैवताला जाणे, दोन लग्ने, एक वास्तुशांत, मामाकडे जेवण. माझ्याकडे तो येतो तो परतीच्या विमानाला पाच दिवस असताना. आणि म्हणतो, "काका, सगळे एकदाच करून टाका." सगळे एकदाच होत नाही हो! रूट कॅनाल एका बैठकीत होतेही, पण जंतुसंसर्ग असेल तर दोन-तीन बैठका लागतात. टोपी करावयास माप घेऊन ती प्रयोगशाळेत पाठवावी लागते. इम्प्लांट बसविले तर हाडाने त्याला धरून ठेवावयास काही महिने लागतात. वरचा दात बहुधा त्यानंतर. वेड्यावाकड्या दातांना तार लावली तर वर्ष-दोन वर्षांचे काम. दाढ काढून दुसऱ्या दिवशी विमानात बसणे मी शक्यतो टाळावयास सांगतो, कारण रक्त येऊ लागले तर समुद्रावर कोणाला हाक मारणार? अर्धवट उपचार झालेला दात वा आत पू असलेली दाढ तर उंचावर हवेच्या दाबातील फरकामुळे भयंकर ठणकू शकते. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांमध्ये हा प्रकार डॉक्टरांच्या चांगलाच लक्षात आला होता.

म्हणून माझे म्हणणे असे की, तपासणी जेथे राहतो तेथेच नेमाने करावी आणि मोठी दुरुस्ती जेथे सोयीची व परवडणारी असेल तेथे करावी. मुलाने नाशिकला येऊन टोपी बसवून घेतली, तर त्यात मला कमीपणा वाटत नाही. उलट अभिमान वाटतो. नाशिकला दंत महाविद्यालय आहे, राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे, तेथील पदवी घेऊन शिकलेली मुले उत्तम काम करतात. १९२० साली कलकत्त्यास हिंदुस्थानातील पहिले दंत महाविद्यालय काढणारे डॉ. रफिउद्दीन अहमद हेदेखील अमेरिकेत शिकून आलेले विद्यार्थीच होते. परंतु कोणती टोपी, कोणत्या दाढेला, किती दिवसांची सुट्टी काढावयाची, हे निघण्यापूर्वी तेथील तपासणीत कळलेले असले, चित्रे आधी पाठविलेली असली, तर तीन आठवडे पुरतात. आंधळेपणाने आल्यास तीन महिनेही पुरणार नाहीत.

आता जे सांगावयाचे आहे ते थोडे अप्रिय आहे, पण या व्याख्यानाचे खरे कारण तेच आहे.

आपल्या तोंडात जे असते ते तेथील दंतवैद्याने बहुधा पाहिलेले नसते. मशेरी म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. तव्यावर तंबाखू जाळून, कुटून, सकाळ-संध्याकाळ दातांना आणि हिरड्यांना लावावयाची, आणि लावणारी स्त्री स्वतःला तंबाखू खाणारी मानीत नाही; 'मी फक्त दात घासते' असे म्हणते. सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आजीबाईंच्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी मशेरीची डबी असते, हे आपण सर्वजण जाणतो आणि हसतो. तेथील अर्जावर प्रश्न असतो, 'तंबाखू ओढता का?' आजी खरेच सांगतात, नाही. सुपारीचेही तसेच. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सुपारी मात्र आपल्या पानदानात, पूजेत आणि पाहुणचारात आहे तशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील कर्करोगास कारणीभूत होते, असा निष्कर्ष दिलेला आहे. सुपारीने गालाच्या आतील मऊ त्वचा हळूहळू कठीण, पांढुरकी होते, तिखट लागेनासे नव्हे तर तिखट झोंबू लागते, आणि तोंड उघडणे कमी होत जाते.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. नाव-गाव सांगत नाही. आखातात चांगल्या नोकरीस होते, दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळे. एका सुट्टीत ते पत्नीस म्हणाले होते की, हल्ली भाजी तिखट लागते. पत्नीने तिखट कमी केले. ती सुट्टी बहिणीच्या लग्नात गेली. पुढच्या सुट्टीत घराचे बांधकाम होते. तिसऱ्या सुट्टीत ते आले तेव्हा त्यांच्या तोंडात दोन बोटे जेमतेम जात होती आणि डाव्या गालात आत एक जखम होती, ती दुखत नव्हती म्हणून त्यांनी कोणास दाखविली नव्हती. मी त्यांना त्याच दिवशी मुंबईस पाठविले. जबड्याचा एक भाग काढावा लागला. ते आज आहेत, बोलतात, पण पातळ केलेलेच खातात, आणि नोकरी गेली ती गेलीच. पहिल्या सुट्टीतच काय, तेथे मधल्या काळात एखाद्या दंतवैद्याने पाच मिनिटे बॅटरी धरून गाल पाहिला असता, तर गोष्ट निराळी झाली असती असे मला वाटते. निश्चित झाली असती असे मी म्हणत नाही, पण वाटते.

घरच्या घरी करावयाची एक परीक्षा सांगतो. आपल्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक, उभी, पुढच्या दातांमधून आत गेली पाहिजेत. आता येथे सभेतच करून पाहू नका. घरी गेल्यावर करा आणि मुलांनाही सांगा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर नांदगावची वाट पाहावयाची नाही. जेथे असाल तेथे जावयाचे, आणि अर्जात विचारलेले नसले तरी 'मी सुपारी खातो', 'मी मशेरी लावते' असे तोंडाने सांगावयाचे. परक्या माणसापुढे लाज कसली? आपलेच दात आणि आपलेच ओठ, ही म्हण येथे कामाची नाही.

परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी दोन शब्द. आपण सहा-सहा महिने जाऊन राहतो, नातवंडे सांभाळतो. प्रवासविमा मुलगा काढतो. त्यात दातांचे कलम असले तरी ते सामान्यतः अचानक उद्‌भवलेल्या वेदनेपुरते असते, जुन्या दुखण्याला नसते. हलणारी दाढ घेऊन विमानात बसलात, तर विमा कंपनी ती जुनीच ठरविणार. म्हणून व्हिसाची मुलाखत ठरली की त्याच आठवड्यात दात दाखवावेत. निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे. दोन-तीन महिने आधी, म्हणजे कवळी टोचत असेल तर ती घासून, वापरून, पुन्हा घासून घ्यावयास वेळ मिळतो. आणि तेथे गेल्यावर नातवाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये, चोखणीला मध लावू नये. दुधाचे दात पडणारच आहेत, हे म्हणणे आपल्या पिढीचे आहे. अमेरिकेतील बालदंतवैद्य पहिल्या वाढदिवसापूर्वी बाळाला दाखवा म्हणून सांगतात, आणि या बाबतीत सून बरोबर असते. (हशा)

एक अडचण भाषेची. आपल्या मराठीत दातांच्या दुखण्याला किती शब्द! कैरी खाल्ली की दात आंबतात, बर्फाने शिवशिवतात, दाढ ठणकते, हिरडी ठुसठुसते, कळ कानात जाते. यातील प्रत्येक शब्दावरून माझ्यासारख्याला निम्मे निदान कळते. परदेशी मुलगा मात्र एवढेच सांगतो की 'पेन आहे'. त्याने असे सांगावे : थंडाने लागते की गरमाने, लागून लगेच थांबते की मिनिटभर राहते, चावताना की आपोआप, रात्री जाग येते की नाही. ही चार उत्तरे पाठ असली तर शब्दकोश लागत नाही.

आणि शेवटची गोष्ट दातांच्या क्रमांकांची. ही लहान दिसते, पण तिने मोठे घोटाळे होऊ शकतात. भारतात आपण दोन आकड्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतो. तोंडाचे चार भाग, पहिला आकडा भागाचा, दुसरा मधल्या दातापासून मोजलेल्या दाताचा. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात करून सरळ एक ते बत्तीस मोजतात. आता न्यू जर्सीहून कागद आला, '१८ क्रमांकाच्या दाताला रूट कॅनालची गरज आहे.' आमच्या पद्धतीत १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. त्यांच्या पद्धतीत १८ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ, जिला आम्ही ३७ म्हणतो. एक वर, एक खाली. एक उजवी, एक डावी! चित्र पाहिल्यावाचून कोणीही विचारी दंतवैद्य दाढेस हात लावणार नाही, हे खरे. तरी मुलांना सांगा की कागदावर क्रमांकाबरोबर 'खालची डावी' असे शब्दांत लिहून घ्यावे, क्ष-किरण चित्रे मागून घ्यावीत, ती आपल्या संग्रही ठेवावीत आणि येण्याच्या महिनाभर आधी पाठवावीत. ब्रिटनमध्ये आणखी एक तिसरीच खूण करण्याची पद्धत प्रचारात आहे, तिच्यात आज शिरत नाही.

अध्यक्षमहाराजांनी घंटेकडे हात नेलेला दिसतो. ज्यांची मुले दिवाळीस येणार आहेत त्यांनी कृपया आताच कळवावे. त्या दोन आठवड्यांत सकाळची वेळ मी मोकळी ठेवतो, पण चित्रे आधी आलेली असतील त्यांनाच प्रथम घेईन. काही शंका असल्यास भोजनानंतर मी मंडपाच्या डाव्या बाजूस, पाण्याच्या पिंपाजवळ बसलेला असेन.